आजोळच्या सुट्टीचे वय किती?

आजच्या थ्रेडमध्ये लढाई नाही, तह नाही, ताम्रपटही नाही. विषय आहे उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबांच्या गावी जाण्याचा. आंब्याची आढी, आडाचे पाणी, माळवदावरची झोप, रात्रीच्या गोष्टी. यात इतिहास कुठे आला, असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठीच हे लिहीत आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ज्याला आपण 'मामाच्या गावची सुट्टी' म्हणतो आणि पूर्वापार चालत आलेली समजतो, ती निदान मराठवाड्यात तरी फार जुनी नाही. साधारण १९५० नंतर ती आकाराला आली, दोन-तीन पिढ्या नांदली आणि आता आपल्या डोळ्यांदेखत सरत आहे. ती सरल्याचे दुःख पुष्कळांनी लिहिले आहे. माझी तक्रार वेगळी आहे. त्या सुट्टीत आपण ज्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपलो, त्यांनी निजामी राजवट, पोलीस ॲक्शन, बहात्तरचा दुष्काळ आणि जायकवाडीचे पाणी पाहिले होते. आणि आपण त्यांना फक्त राक्षसाची गोष्ट सांगायला लावली.

आता कोणी म्हणेल, लेकीने माहेरी येणे ही तर शेकडो वर्षांची रीत आहे. आहेच. जात्यावरच्या ओव्यांमध्ये माहेराइतका दुसरा विषय क्वचितच येत असेल. पण ते माहेरपण होते, सुट्टी नव्हे. सण जवळ आला की माहेराहून मुराळी यायचा, सासूची परवानगी मिळाली तर बैलगाडी जुंपली जायची आणि लेक चार दिवसांसाठी निघायची. मूल तिच्या कडेवर असायचे, एवढेच. त्या प्रवासाचा दिवस पंचांग ठरवत असे आणि सासर ठरवत असे. शाळेचे वेळापत्रक तो कधीच ठरवत नव्हते.

आणि आजोळ म्हणजे आंबे, हे समीकरणही अलीकडचेच. या थ्रेडच्या वाचकांना परिचित असलेले उदाहरण देतो. शिवाजी महाराजांचे आजोळ सिंदखेडराजा. तिथल्या जाधवांच्या वाड्यासमोर उभे राहून आपण छायाचित्रे काढतो. पण लखुजीराव जाधव १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशाही दरबारात, मुलांसह मारले गेले आणि महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. मालोजीराजे तर त्याच्या कितीतरी आधी गेलेले. म्हणजे सिंदखेडचे आजोबा आणि वेरूळचे आजोबा, दोघांपैकी एकाचीही मांडी त्या नातवाला लाभली नाही. सरदार घराण्यात आजोळ म्हणजे सोयरीक, तिचे बळ आणि तिचे वैर. सामान्य रयतेच्या घरात आजोळ म्हणजे पहिल्या बाळंतपणाची जागा. सुट्टी यातल्या कोणत्याच अर्थात बसत नाही.

सुट्टी व्हायला तीन गोष्टी लागतात. एक शाळा, जिला सुट्टी लागेल. एक पगार, ज्याच्यामुळे बाप गावापासून दूर राहील. आणि एक वाहन, जे परवडेल.

शाळेपासून पाहू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत औरंगाबाद हैदराबाद संस्थानात होते. कारभाराची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषाही उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ त्याच माध्यमाचे. खेड्यातल्या मराठी मुलाला आधी शाळा गाठणे अवघड आणि गाठलीच तर तिची भाषा अवघड. हे चित्र मुक्तीनंतर बदलू लागले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. खेड्यांतली पोरे पत्र्याची पेटी घेऊन शहरात आली, कुणाच्या तरी ओसरीत खोली घेऊन शिकली आणि मग शिक्षक, तलाठी, कारकून, कंडक्टर झाली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि नोकऱ्यांचे आणखी एक दार उघडले. पुढे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, ऐंशीच्या दशकात वाळूज.

या माणसांनी गाव सोडले, पण पुरते सोडले नाही. जमीन गावात, आई-वडील गावात, मतदान गावात. मुले मात्र शहराच्या शाळेत. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा संपली की या मुलांना 'गावी' पाठवले जाऊ लागले. मराठवाड्यातली सुट्टीची नातवंडे ती हीच. त्यांच्या आधीच्या पिढीत असे नातवंड क्वचित सापडेल, कारण त्या पिढीची नातवंडे बारा महिने आजीच्याच अंगणात असायची.

वाहनाची गोष्ट अधिक रंजक आहे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीमार्गे सिकंदराबादकडे जाणारा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. रोटेगाव, परसोडा, लासूर, पोटूळ, दौलताबाद, करमाड, बदनापूर ही स्थानके ज्यांच्या आजोळच्या वाटेवर होती, त्यांना त्या छोट्या गाडीचा वेग आठवत असेल. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ती लाईन रुंद झाली. पण रेल्वे फक्त एका रेषेत जाते. खेडी त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दूरवर पसरलेली. निजामी संस्थानाने १९३२ मध्ये रेल्वे खात्याखालीच बससेवा काढली होती. इकडे मुंबई राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हा आपण अजून निजामाचे प्रजाजन होतो. मराठवाड्याची राज्य परिवहन सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात आली १९६१ मध्ये. मग लाल गाडी, अर्धे तिकीट, खिडकीची जागा आणि फाट्यावर उतरून तीन किलोमीटर पायी. मुराळ्याचे काम कंडक्टरने घेतले. आई-बापाने पोराला गाडीत बसवायचे, ओळखीच्या माणसाला 'फाट्यावर उतरवा' म्हणून सांगायचे आणि तिकडे मामाने सायकल घेऊन उभे राहायचे.

फाट्यापासूनच्या त्या तीन किलोमीटरवर थोडे थांबू.

१९७२ च्या दुष्काळात माणसे कामाला लावण्यासाठी सरकारने पाझर तलाव, नाला बांध आणि रस्ते काढले. हाताला काम नसलेल्यांनी खडी फोडली, माती वाहिली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोचली होती. महिना लक्षात घ्या: मे. नेमका सुट्टीचा. त्यात बायांची संख्या मोठी होती. घरी अमेरिकेतून आलेली लाल मिलो, कामावर सुकडी. या अनुभवातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना रुजली. तिचा कायदा १९७७ चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तिच्यातूनही पुन्हा रस्तेच झाले.

मराठवाड्यातल्या कितीतरी खेड्यांना मुख्य रस्त्याशी जोडणारा पहिला खडीचा रस्ता या कामांतून झाला. म्हणजे नातू ज्या रस्त्याने आजोळी पोचला, तो कित्येक ठिकाणी आजीच्याच हातच्या खडीचा होता. आजीला विचारले असते तर तिने कोणत्या टेकाडाची खडी, दिवसाला किती मजुरी आणि मुकादम कोण, हे सगळे सांगितले असते. कुणी विचारले?

आता घराकडे वळू. मराठवाड्याचे जुने घर म्हणजे माळवदाचे, धाब्याचे. जाड भिंती, आतल्या बाजूने लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. घराचे माप खोल्यांत नसे, खणांत असे. भिंतीत बळद, म्हणजे धान्याची चोरजागा. काही घरांत जमिनीखाली पेव. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस अंश असले तरी आत गार. संध्याकाळी माळवदावर पाणी शिंपडायचे आणि वर अंथरुणे टाकायची. हे वर्णन भावुकतेसाठी केलेले नाही. हे घर म्हणजे हवामान, माती आणि असुरक्षितता या तिन्हींना दिलेले उत्तर होते. रस्त्याकडे खिडकी नाही, एकच भक्कम दार, धान्य दडवलेले: ज्या मुलखातून मोगल, मराठे, निजाम, पेंढारी आणि शेवटी रझाकार गेले, त्या मुलखाची ही वास्तू आहे. गढ्यांच्या बुरुजांवर आपण लेख लिहितो, पण गढीच्या सावलीतल्या दहा खणी घराची मोजमापे कुणी घेऊन ठेवत नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकावी लागे. ते काम मेअखेरीचे, आणि टोपल्या वाहायला सुट्टीतली पोरे आयतीच हाती लागत. ज्या वर्षी माती टाकणारे कुणी उरले नाही, त्या वर्षीपासून ते घर गळू लागले. पुढे त्याच जागी स्लॅब पडला.

आजीच्या कालगणनेविषयी मला विशेष बोलायचे आहे.

खेड्यातली जुनी माणसे इसवी सन क्वचितच सांगत. जन्म 'रझाकाराच्या टायमाचा', लग्न 'पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली', थोरला 'बहात्तरच्या दुष्काळात पोटात होता', धाकटीचे लग्न 'लातूरच्या भूकंपाच्या वर्षी'. त्यांच्या आधीची पिढी १९१८ च्या साथीला 'मानमोडी' म्हणत असे आणि तिच्यावरून वये मोजत असे. शिकलेली नातवंडे याला अडाणीपणा समजून हसली. वस्तुतः ही एक अत्यंत काटेकोर पद्धत आहे. जी घटना सगळ्या गावाला ठाऊक आहे, तिलाच खुंट मानायचे आणि आपले आयुष्य तिच्यापासून मोजायचे. शिलालेखात 'अमुक राजाच्या राज्यारोहणाच्या अठराव्या वर्षी' असे वाचले की आपण वहीत टिपून घेतो. आजीने तेच केले तर हसतो. फरक इतकाच की तिच्या कालगणनेच्या आरंभी राज्याभिषेक नसतो, संकट असते.

पैशाचेही तसेच. निजामाचा रुपया म्हणजे हाली सिक्का, इंग्रजी अमलातला रुपया म्हणजे कलदार, आणि सात हालींना साधारण सहा कलदार हा हिशेब बाजारातल्या बाईलाही पाठ. हाली चलन १९५९ पर्यंत टिकले, म्हणजे मुक्तीनंतरही अकरा वर्षे. राज्य बदलले तरी गाठीचा पैसा लगेच बदलत नाही, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचण्याआधी आपल्याला आजीच्या बटव्यातून कळू शकले असते.

माझ्या आजोळी कालगणनेचा खुंट आणखी वेगळा होता. गोदाकाठच्या पट्ट्यातले गाव. आजी म्हणायची, 'पाणी यायच्या आधी' आणि 'पाणी आल्यावर'. पाणी म्हणजे पाऊस नव्हे, पूर नव्हे. पाणी म्हणजे नाथसागर.

जायकवाडी या नावातच एक कथा आहे. गोदावरीवरच्या या धरणाचा विचार हैदराबाद संस्थानाच्या काळापासूनचा. तेव्हा योजलेली जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची. पुढे जागा वरच्या बाजूला पैठणला सरकली, नाव मात्र जुनेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, त्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्यांचे ताश्कंदमध्ये निधन झाले. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सुमारे १० किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, २७ दरवाजे, सुमारे ३५ हजार हेक्टर पाणपसारा. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे या तालुक्यांतली शंभराहून अधिक गावे पूर्णतः किंवा अंशतः पाण्याखाली गेली. काम सुरू झाले १९६५ मध्ये आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ चा. या दोन सालांमधल्या अंतरात जी गावे उठली, त्यांचे काय झाले, हे साधे वजाबाकीचे गणित आहे.

आजोळ बुडणे म्हणजे घर बुडणे, एवढेच नसते. गोदाकाठची काळी जमीन गेली, मळई गेली, टरबुजाच्या वाड्या गेल्या, घाट गेला, आई जिथे पोहायला शिकली तो डोह गेला. नवे गाव माळावर, आखलेल्या रस्त्यांचे. नावापुढे पुष्कळदा 'नवे' किंवा 'नवीन' हा शब्द. शेजार बदलला. जुन्या गावात कुणाच्या दारासमोर कुणाचे दार होते, ही आठवणच मग नकाशा झाली. पाणी फार खाली जाते त्या उन्हाळ्यात जुन्या गावांचे चौथरे आणि देवळांचे दगड उघडे पडतात. म्हातारी माणसे तिथे जाऊन 'ही आपली वेस' म्हणून दाखवतात. नातवंडे मोबाईलवर छायाचित्र काढतात. त्या छायाचित्राखाली वेशीचे नाव, घरधन्याचे नाव आणि दाखवणाऱ्याचे वय लिहिले तर तो पुरावा होतो. न लिहिल्यास ते केवळ सुंदर छायाचित्र राहते.

आणि एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. आज छत्रपती संभाजीनगरच्या नळाला जे पाणी येते (जेव्हा येते तेव्हा), ते याच नाथसागराचे. आजोळ सोडून शहरात आलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरात त्याचे आजोळ पाण्याच्या रूपाने पोचते. धरण नको होते असे मी म्हणत नाही. खाली परभणीपर्यंत त्या पाण्याने शेती उभी केली, बहात्तर पाहिलेल्या मुलखाला त्याची किंमत सांगावी लागत नाही. पण ज्यांनी किंमत मोजली त्यांची मौखिक नोंद आपण केली का, हा प्रश्न धरणाच्या बाजूने असणाऱ्यालाही विचारता येतो.

येथवर 'आपण' हा शब्द मी सैलपणे वापरला. आता तो जरा आवळला पाहिजे, कारण 'आपले बालपण' या नावाने फिरणाऱ्या पोस्टमध्ये सगळ्यांचे बालपण नसते.

ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांचे पाहा. बीड, जालना आणि आपल्या पैठणकडूनही कोयते दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. या मुलांसाठी आजीचे घर म्हणजे शाळेचे दिवस आणि उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आई-बाप परत येण्याचा काळ. आपल्या स्मरणरंजनाचे चित्र इथे अगदी उलटे टांगलेले आहे. या मुलांच्या वह्यांतले 'माझी सुट्टी' हे निबंध कुणी जपून ठेवले असतील, तर माझ्या मते ते कोणत्याही बखरीइतके मोलाचे आहेत.

गावाच्या कडेला ज्यांची वस्ती, त्यांचे आजोळ वेगळे. आड एकच असला तरी पाणी भरण्याची रांग एक नव्हती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात खेडोपाडी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, कित्येक कुटुंबांनी गाव सोडले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या सोळा वर्षांत गाव सोडलेल्या घरातल्या नातवाला 'तुझे आजोळ कोणते?' हा प्रश्न निरागस नसतो.

आणि रझाकाराचा काळ. हिंदू घरातली आजी सांगते ती भीती सप्टेंबर १९४८ च्या आधीची: पोटाशी पोर धरून शिवारात काढलेल्या रात्री. मुसलमान घरातली आजी सांगते ती भीती पुष्कळदा सप्टेंबर १९४८ च्या नंतरची. पंडित सुंदरलाल समितीने त्या नंतरच्या दिवसांची पाहणी केली, आणि तिचा अहवाल दशकानुदशके लोकांसमोर आला नाही. दोन्ही आज्या एकाच गल्लीत राहत असतील, आणि दोघी खरेच बोलत असतील. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातली एकच आठवण वेचणे म्हणजे बखरीची अर्धी पाने फाडून उरलेली वाचणे.

सुट्टीचा बोजा कुणावर पडे, हेही सांगायला हवे. नातवंडे मोकळी, आईला थोडी विश्रांती, आणि आजीच्या कामाला तर मे महिन्यात अंत नसे. घरात दहा तोंडे वाढलेली, आड तळाला गेलेला, कुरडयांचा चीक, पापड, शेवया, सांडगे आणि वर्षभराचा येसर हे सगळे त्याच महिन्यात. 'आजीच्या हातची चव' यावर लिहिताना त्या हाताने दिवसाला किती घागरी ओढल्या, हेही लिहायला हरकत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे सगळे विरळ होत गेले. जमिनीचे तुकडे झाले, मामा स्वतःच वाळूजला कामाला आला, आजी-आजोबा शहरातल्या फ्लॅटमध्ये आले. शेंद्रा, करमाड, बिडकीन परिसरात औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या. तिथली आजोळे पाण्याखाली गेली नाहीत, प्लॉटखाली गेली. आता शहराबाहेर पैसे घेऊन बैलगाडीत बसवणारी, चुलीवरची भाकरी वाढणारी केंद्रे आहेत. चालवणाऱ्यांना दोष नाही. पण तिथली आजी पगारी असते आणि तिला रझाकार आठवत नाही.

पत्र्याच्या पेटीविषयी बोलायचे राहिलेच. २०२३ मध्ये निजामकालीन नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातल्या घराघरांत जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर तुमचे मत काहीही असो, त्या काही महिन्यांत एक गोष्ट उघड झाली: कागद होते, पण वाचणारे नव्हते. मोडी येत नाही, उर्दू येत नाही, फसली सनाचे इसवी सनात रूपांतर करता येत नाही. ज्या आजोबांना हे तिन्ही येत होते, ते चाळीस उन्हाळे त्याच ओसरीत बसून होते. आपण त्यांच्याकडून सूरपारंबी शिकलो.

आज ज्यांना १९४८ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे आठवते, ती माणसे पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. बहात्तरच्या कामांवर माती वाहिलेल्या बाया सत्तरी ओलांडून गेल्या. जायकवाडीचे पाणी वेशीत शिरताना पाहिलेली माणसे अजून बोलती आहेत. त्यांना 'तुमच्या काळी कसे होते?' असे विचारू नका. त्याचे उत्तर 'लई चांगलं होतं' एवढेच मिळते. 'पाणी आले त्या दिवशी घरातून काय काय उचलले?' असे विचारा. 'खडीवर पगार कोणत्या वारी व्हायचा?' असे विचारा. 'हाली बंद झाले तेव्हा किती उरले होते?' असे विचारा. फोनचे रेकॉर्डिंग चालू ठेवा, मध्ये बोलू नका, आणि बोली सुधारू नका.

या थ्रेडखाली नेहमीप्रमाणे तलवारींची आणि किल्ल्यांची छायाचित्रे येतील, त्यांचे स्वागतच आहे. पण आज आणखी एक मागतो. आजीच्या गावाचे नाव, तालुका, ते गाव आता आहे की नाही, आणि तिने स्वतःचे वय ज्या घटनेवरून मोजले ती घटना, एवढे खाली लिहा. तालुकावार यादी मी करायला घेतो. सुरुवात गंगापूरपासून करतो. तिथली पहिली नोंद माझीच आहे: 'पाणी यायच्या आधी दोन साल.'